एक्केचाळिसावी चिठ्ठी

मी एक लाकडी पेटी बोलतेय. डोक्यावर लांबट तोंड, पुढे पितळी कडी, अंगाला मळकट हिरवा रंग. आजवर लोकांनी माझ्या तोंडात नुसतं टाकलं, बोलू कुणी दिलं नाही. पण आमच्या मर्रीगल गावात एका सिनेमावरून जे रामायण घडलं, त्यात थोडा दोष माझाही होता. तेव्हा माझी बाजू मीच मांडलेली बरी.

मला लेस हार्किननं बनवलं. गावच्या हॉलची जुनी लाकडी जमीन उखडली तेव्हा उरलेल्या फळ्यांतून. लेस मनानं दिलदार, पण कामात उतावळा. तळाची फळी बसवताना एका कडेला नखभर फट राहिली. त्याची बायको ग्लेनिस म्हणाली, "लेस, फट दिसतेय ती."

"रंग मारला की बुजेल गं."

रंग मारला. फट बुजली नाही. तशीच मी क्लबात गेले.

क्लबात दर शुक्रवारी मांसाच्या थाळीची सोडत निघायची आणि तिची तिकिटं माझ्या पोटात असायची. मेंढीच्या चार चॉप्ससाठी माणसं किती भाविक होतात ते मी तिथे पाहिलं. कुणी तिकिटावर फुंकर मारायचं, कुणी डाव्या हातानंच टाकायचं. एक गृहस्थ तर मला हळूच थोपटून जायचे. जिंकले कधीच नाहीत, पण थोपटणं सोडलं नाही.

मग लेस गेला. क्लबनं गरगर फिरणारं प्लास्टिकचं पिंप आणलं आणि मी ग्लेनिसच्या घरी कपड्यांचे चिमटे सांभाळत बसले. दोन वर्षं! त्याचा मला फार राग आला होता.

ग्लेनिसनं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. आधी नवरा गेला, मग बसही सुटली, आणि घर तिला खायला उठलं. तेव्हा तिनं हॉलमध्ये महिन्यातून एका शनिवारी सिनेमा दाखवायला सुरुवात केली. काळे पडदे स्वतः शिवले. खेळ दुपारी दोनचा, कारण दिवस कलला की रस्त्यावर कांगारू येतात आणि गाडीचा चेहरामोहरा बदलून जातात. मला चिमट्यांतून सोडवून तिनं दारापाशी मांडलं, लोकांची मतं गोळा करायला. त्या दिवशी मी तिचे सगळे गुन्हे माफ केले.

हॉलच्या समितीचा अध्यक्ष डेसमंड प्रुइट. नियमांचा माणूस. त्याच्या मंडळींना हिवाळ्यात गालिच्यावर जड चेंडू घरंगळवण्याचा खेळ खेळायचा होता आणि त्यांचा डोळा याच हॉलवर होता. त्यातच एका सिनेमात मुका जरा लांबला, तशी शहाऐंशी वर्षांच्या मिसेस व्हेराल यांची लेखी तक्रार आली. डेसमंडला तेवढंच हवं होतं.

"पुढच्या खेळाला सगळ्यांचं मत घेऊ," तो म्हणाला. "लोकांना नको असेल तर सिनेमा बंद, ग्लेनिस. समसमान झालं तर अध्यक्षाचं मत."

"घ्या की," ग्लेनिस म्हणाली. पण घरी जाऊन तिनं तीच बशी तीनदा धुतली.

आणि पुढचा सिनेमा कुठला मागवलेला असावा? एका फुटबॉलच्या मैदानावर शिळा मीट-पाय, म्हणजे आमची खिमा भरलेली कचोरी, खाऊन गावातली साधी माणसं महाबली होतात, त्याची विनोदी गोष्ट. विनोदी म्हणजे, त्यात एक प्लंबर गुंडाचा हात उपटतो आणि त्याच हातानं त्याला बडवतो. दाताच्या डॉक्टरकडची स्वागतिका एकाला भिंतीतून आरपार फेकते, वर "पुढची तारीख कधीची देऊ?" म्हणून विचारते. एक बसवाली बाई बसच उचलते. ग्लेनिसनं त्या बसवालीसाठीच तो मागवला होता, हे मला पक्कं माहीत आहे.

पडद्याकडे माझी पाठ होती, पण लोकांकडे तोंड होतं. सगळा गाव डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघत होता. मिसेस व्हेराल पहिल्या रांगेत, तोंडापुढे हँडबॅग धरून.

"मेला का आता?" त्या मोठ्यानं विचारायच्या.

"नाही, मिसेस व्हेराल," मागून खाटीक नेव्ह सांगायचा. "अर्धाच."

"मग थांबते."

की सगळा हॉल पुन्हा हसायचा. कुणीतरी खुर्चीवरून घसरून पडल्याचाही आवाज आला.

घोळ झाला तो नंतर. ग्लेनिसनं चिठ्ठ्यांवर तीन चौकोन छापले होते. 'असेच सिनेमे आणा', 'आणा, पण सभ्य आणा' आणि 'सिनेमे बंद करा'. एका चौकोनात खूण करायची, खाली दोन ओळी मत लिहायचं, बस्स. पण नेव्हनं बाहेर सॉसेज भाजायला घेतले. डेसमंड दारात नावांची यादी घेऊन बसला आणि पट्टीनं एकेक नाव खोडू लागला. आता हातात पेन्सिलीचं बुटुक, नाकात सॉसेजचा वास, समोर पट्टीनं नाव खोडणारा माणूस, एवढं जमून आलं की आमच्याकडच्या माणसाला एकच गोष्ट सुचते. निवडणूक! आमच्या मतदान केंद्राबाहेर सॉसेज भाजलेच जातात. आणि निवडणुकीत आमचे लोक खूण करत नाहीत, आवडीच्या क्रमानं सगळ्या चौकोनांत आकडे घालतात. तेच त्यांनी केलं. एक, दोन, तीन. एकजात सगळ्यांनी.

मतं तर काय वर्णावीत! नेव्हनं लिहिलं, 'एकतीस वर्षं खाटीक आहे. रक्त असं उडत नाही. खात्री करायला पुन्हा बघावा लागेल.' दवाखान्यातल्या नर्सनं लिहिलं, 'मूत्रपिंडावर पाना बसलेला माणूस विनोद करू शकत नाही. पण करून बघतील असे तिघे या गावात आहेत.' कुणी लिहिलं, 'लाज वाटली. हसण्यामुळे निम्मे संवाद ऐकू आले नाहीत, त्याचीही.' खुर्चीवरून पडलेल्या माणसानं 'अत्यंत हीन' एवढंच लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

डेसमंडनं मला टेबलावर उपडं केलं. चिठ्ठ्या बघून ग्लेनिसनं कपाळाला हात लावला. "आता हे कसं मोजायचं?"

"आकडे आहेत, तर आकड्यांप्रमाणेच मोजायचं," डेसमंड म्हणाला. पंधरा वर्षं तो मतदान केंद्रावर बसलेला माणूस. "ज्या ढिगात सगळ्यात कमी, तो बाद. त्या लोकांची दुसरी पसंती बघायची."

पहिल्या आकड्यांचे ढीग झाले. बंद करा, सतरा. असेच आणा, तेरा. सभ्य आणा, दहा. सतरा ऐकून ग्लेनिसचा चेहरा उतरला. मग सभ्य लोकांच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. तिघांनी दुसरा आकडा 'बंद करा'ला दिला होता. सात जणांनी 'असेच आणा'ला. वीस आणि वीस.

हॉलमध्ये सॉसेज चावण्याचा आवाजही थांबला.

"समसमान," डेसमंड म्हणाला. "म्हणजे अध्यक्षाचं मत."

आणि इकडे माझी काय अवस्था झाली असेल! लेसनं ठेवलेल्या त्या फटीत एक चिठ्ठी घडी होऊन अडकली होती. मला ती टोचत होती. मला खोकायचं होतं, ओरडायचं होतं. पण पेटीला खोकला कुठून येणार?

ग्लेनिस उठून काळ्या पडद्यांच्या कड्या काढायला लागली. हातानं शिवलेले ते पडदे आता घडी करून ठेवायचे, असं तिनं मनात ठरवूनच टाकलं होतं. मला रडू येत होतं.

डेसमंडनं वहीत आपलं मत लिहायला पेन उघडलं. सवयीनं यादी जवळ ओढली, खोडलेली नावं पट्टीनं मोजली आणि थांबला. मी त्याचा चेहरा बघत होते. त्याला काय दिसलंय ते त्याला कळलं होतं आणि दुसऱ्या कुणालाच कळलेलं नव्हतं. नुसतं गप्प राहिला असता तरी हॉल त्याचा होता.

"अरे, लिही ना, डेस," त्याच्या चेंडूवाल्यांपैकी एकजण म्हणाला.

"नावं एक्केचाळीस खोडलीत," डेसमंड म्हणाला. "चिठ्ठ्या चाळीस आहेत."

त्यानं मला उचललं, आत डोकावलं, आणि माझ्या पाठीत असा काही धपका घातला की त्या प्लंबरनंही घातला नसता. चिठ्ठी बाहेर पडली. थरथरत्या हातानं घातलेले आकडे होते. सभ्य आणा, एक. असेच आणा, दोन. बंद करा, तीन. खालचं मत डेसमंडनं मोठ्यानं वाचलं, कारण नियम तसा होता.

'रक्त फार. शिव्या फार. त्या बसवालीनं केस विंचरायला हवे होते. पण घरी टीव्हीसमोर मी ओरडले, तर हसायला कुणी नसतं.'

कुणी कुणाकडे बघितलं नाही. मिसेस व्हेराल हँडबॅगेत रुमाल शोधत राहिल्या. ग्लेनिसनं काढलेली कडी पुन्हा अडकवली.

"एकवीस," डेसमंडनं लिहिलं. "अध्यक्षाच्या मताची गरज नाही." मग पेन बंद करत तो पुटपुटला, "आता आमचे चेंडू कुठे घरंगळवायचे?"

"मंगळवारी हॉल रिकामाच असतो की, डेस," ग्लेनिस म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंच नाही."

आता मी पुन्हा दारात असते. मध्यंतरी ग्लेनिस माझी फट बुजवायला लांबीचा डबा घेऊन आली होती. फटीवरून अंगठा फिरवला, "लेस, लेस," म्हणाली आणि डबा तसाच परत घेऊन गेली. बरं झालं. नवऱ्याच्या हातचं तिच्याकडे आता फारसं उरलेलं नाही.

तर मंडळी, तुम्हाला एवढीच विनंती. सिनेमा बघून नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा, पहिला आकडा शेजाऱ्यांना दाखवायला घाला. दुसरा मात्र खरा घाला. मी कुणाला दाखवणार नाही. अडकलीच चिठ्ठी, तर पाठीत एक धपका द्या.

परवाच्या शनिवारी मिसेस व्हेराल उशी घेऊन सगळ्यांच्या आधी आल्या. "आज कुणाचा हात उपटतात?"

"कुणाचाच नाही," ग्लेनिस म्हणाली. "आज एका म्हाताऱ्याची आणि त्याच्या गुलाबांची गोष्ट आहे. तुम्हीच सभ्य मागितला होता ना?"

बाईंनी मग पेन्सिल मागून घेतली, सिनेमा सुरू व्हायच्या आतच चिठ्ठी भरली आणि माझ्या तोंडात टाकली. या वेळी 'असेच सिनेमे आणा'मधलं 'असेच' खोडून त्यावर 'तसेच' लिहिलं होतं, आणि चौकोनात भला मोठा एक.