जाळीकडे उतार

पुस्तकावर नाव आपलंच हवं, एवढा एकच हट्ट ओळंबाबाईंनी आयुष्यात धरला. ओळंबाबाई हे नाव छापखान्यातल्यांनी गवंड्याच्या भिंत सरळ आहे का ते बघायच्या ओळंब्यावरून ठेवलेलं, कारण वाकडं वाक्य त्यांच्या नजरेतून सुटत नसे. घरबांधणीच्या पुस्तकांचं संपादन करण्यात अर्धी हयात गेली. पुस्तक कुणा बड्या वास्तुतज्ज्ञाचं, पण त्यातला दगड न् दगड बाईंनी उचलून जागेवर बसवलेला. त्यांचं नाव मात्र आतल्या पानावर, भिंग लावून शोधावं असं. आता त्यांनी स्वतःच एक पुस्तक लिहिलं होतं, पायापासून छपरापर्यंत.

प्रकाशकांना ते आवडलं, तरी त्यांनी मान आडवी हलवली.

"पुस्तक उत्तम. पण नाव एखाद्या वास्तुतज्ज्ञाचं टाकू. तुम्ही राहता भाड्याच्या घरात, जन्मात एक वीट रचली नाहीत. लोक म्हणतील, लोका सांगे ब्रह्मज्ञान."

"आणि कुणी फक्त हे वाचून घर बांधून दाखवलं तर?"

"तर नाव तुमचं. पण मी स्वतः येऊन बघणार."

बाईंचा धाकटा भाऊ तेव्हा नेमका घर बांधायला निघाला होता. घर पाहावं बांधून म्हणतात, त्यात नणंदेचं पुस्तक उरावर. पण वहिनी खमकी. तिनं हस्तलिखित ताब्यात घेतलं आणि बजावलं, "ताई, तुम्ही तिकडे फिरकायचं नाही. मला जे कळणार नाही, ते तुम्ही लिहिलंच नाही असं समजा." बाईंना हे झोंबलं आणि पटलंही.

पाया झाला, भिंती चढल्या, छप्पर बसलं. रोज फोनवर वहिनीची शंका यायची आणि बाई वाक्य दुरुस्त करायच्या. गाडी अडली ती बाथरूमशी.

"ताई, 'दारापासून जाळीकडे उतार द्यावा' असं लिहिलंय. पण नळ तर पलीकडच्या कोपऱ्यात. तिथलं पाणी काय उडी मारून जाळीत जाणार?"

बाईंनी ते वाक्य मनात पुन्हा वाचलं. हे वाक्य किती पुस्तकांत त्यांच्या हाताखालून गेलं होतं, आणि दरवेळी सरळच दिसलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि नवं सांगितलं: चारही कोपरे जाळीपेक्षा उंच हवेत, फरशी पक्की होण्याआधी प्रत्येक कोपऱ्यातून गोटी सोडून बघा. फरशीवाला हसला. गोटी नळापाशीच बसून राहिली, तेव्हा त्यानं मुकाट्यानं दोन फरश्या उचलल्या.

घर झालं आणि बाईंना घेऊन प्रकाशक आले. दारं-खिडक्या उघडून मिटून पाहिल्या, जिना चढून उतरले, आणि थेट बाथरूममध्ये शिरले. त्यांच्या स्वतःच्या घरात, नामवंताच्या पुस्तकाबरहुकूम बांधलेल्या बाथरूममध्ये, नळाखाली कायम डबकं साचायचं. रोज सकाळी ते पाणी ढकलणं त्यांच्या पाचवीला पुजलेलं. त्यांनी भरलेली बादली उचलली आणि नळाच्या कोपऱ्यात रिकामी केली.

पाणी पसरलं, क्षणभर रेंगाळलं, मग सगळं वळून जाळीत गेलं. प्रकाशकांनी दुसरी बादली ओतली, मग तिसरी. पँट गुडघ्यापर्यंत भिजली, याचं त्यांना भान नव्हतं. शेवटी उकिडवे बसून त्यांनी कोपऱ्यावरून तळहात फिरवला.

"कुणी सांगितलं हे?"

"ताईंच्या पुस्तकात आहे," वहिनी म्हणाली.

प्रकाशक पँट पिळत उठले. "बाई, हरलो. मुखपृष्ठावर तुमचं नाव."

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. इतक्या वर्षांनी पदरात पडलेलं हे सुख त्यांनी क्षणभर नुसतं अनुभवलं.

"वर माझं," त्या म्हणाल्या. "आणि त्याखाली, तेवढ्याच अक्षरांत, संपादन म्हणून हिचं."

"संपादकाचं नाव मुखपृष्ठावर कुणी टाकत नाही."

"आता टाकतात," ओळंबाबाई म्हणाल्या. वहिनी रिकामी बादली हातात धरून तशीच उभी राहिली.