कोरियन, भाग तिसरा बोलतोय

मी एक जुना तिसरा भाग आहे. कोरियन भाषेच्या पाठ्यपुस्तकाचा. मित्रांनो, पहिला भाग तुम्ही कुठेतरी पाहिला असेल, त्याला सगळेच ओळखतात. माझं नाव काढलं की लोक विचारतात, "अरे, तिसराही असतो का?" असतो! चांगला तीनशे बारा पानांचा असतो.

माझा जन्म छापखान्यातला. बांधणी करणाऱ्या कारागिराने मला नुसत्या डिंकावर सोडलं नाही, दुहेरी दोऱ्याने शिवलं. "जाडजूड आहे, रोज उघडतील, उसवायला नको," असं तो शेजाऱ्याला म्हणाला. बिचारा! त्याला विद्यापीठाचा अनुभव नव्हता.

सुरुवातीची वर्षं मात्र सुखाची गेली. कोरियन शिकवणाऱ्या बाई तेव्हा तरुण होत्या आणि तिसऱ्या वर्गात तिघेच विद्यार्थी होते. ते माझ्यासाठी भांडत. एकाने तर नव्वदाव्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं, "डोकं दुखतंय, पण मजा येतेय." एवढं कौतुक मला पुन्हा कोणी केलं नाही.

मग नवे विभागप्रमुख आले. त्यांना डोकी मोजायची सवय. पाचाहून कमी विद्यार्थी असतील तर वर्ग उघडायचा नाही, असा त्यांनी नियम काढला. पहिला वर्ग पास झालेल्यांचं काय करायचं? तर त्यांना पुन्हा पहिल्याच वर्गात बसवायचं! वर्ग भरलेला दिसतो, निकाल शंभर टक्के लागतो, अहवाल झकास होतो. पाया भरायचा, पुन्हा पाया भरायचा, आणि भिंतीचं नाव काढायचं नाही.

आणि मी? ग्रंथालयाची एक खिडकी नीट लागत नव्हती. शिपायाने मला तिच्या फटीत उभं केलं. माझी एक बाजू उन्हाने पिवळी पडली. पुस्तकाचा असा उपयोग करणाऱ्यांना एकदा त्याच फटीत उभं करायला हवं.

आमच्या विभागात एक मुलगी होती. दुपारनंतर ती औषधाच्या दुकानात काम करायची, म्हणून सगळे तिला 'औषधवाली' म्हणत. ती तीन वर्षं पहिल्याच वर्गात होती आणि तिन्ही वर्षं पहिली आली. तिसऱ्या वर्षी तिला मंचावर उभं केलं. ती कोरियनमध्ये म्हणाली, "आज हवा छान आहे. मला सफरचंद आवडतं." टाळ्यांचा कडकडाट झाला. विभागप्रमुख म्हणाले, "शाब्बास! पुढच्या वर्षीही पहिल्याच वर्गात बस हं, बाकीच्यांना आदर्श होईल."

औषधवाली तशीच तरातरा ग्रंथालयात आली. बक्षिसाचा कप तिने टेबलावर आपटला. बाई तिथेच वर्तमानपत्र वाचत होत्या.

"बाई, माझी वहिनी कोरियन आहे, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. दादा बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. मला तिला विचारता येतं, 'जेवलीस का? थंडी वाजते का?' पण ती जे बोलते त्यातलं मला काही कळत नाही. सारखी बॅग काढून बसते आणि रडते."

"आणि दादा काय म्हणतो?"

"त्याला काळजी नको म्हणून ती फोनवर हसते. आईला वाटतंय तिला माहेरी जायचंय. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेचं तिकीटही काढलंय."

"मोबाइल देतो की भाषांतर करून."

"रडणाऱ्या बाईसमोर मोबाइल धरू का मी?"

बाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या उठल्या आणि त्यांनी खिडकीतून मला ओढून काढलं. खिडकी धाडकन आपटली. शिपाई धावत आला, तर बाई म्हणाल्या, "खिडकीला लाकूड लावा. हे पुस्तक आहे!" मित्रांनो, हे वाक्य ऐकायला मी अकरा वर्षं थांबलो होतो.

त्या दिवसापासून रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. नोंदवहीत वर्ग नव्हता, हजेरी नव्हती, परीक्षाही नव्हती. विभागप्रमुख एकदा डोकावले आणि "याची नोंद कुठे करायची?" म्हणून कपाळाला आठ्या घालून निघून गेले. औषधवालीच्या हाताला गोळ्यांचा वास यायचा. ती चुकायची, चिडायची, रडायची, पण पान सोडायची नाही. माझे कोपरे दुमडले, एक पान फाटलं. खुशाल फाटू दे!

अठरा तारखेला ती मला घरी घेऊन गेली. स्वयंपाकघरात वहिनी उघड्या बॅगेसमोर बसली होती. सासूबाई दारात उभ्या होत्या. औषधवालीने मला टेबलावर उघडलं आणि कोरियनमध्ये म्हणाली, "वहिनी, हळू सांग. मला वेळ लागेल. मी थांबते."

वहिनी बोलायला लागली. दोन वाक्यं झाली की औषधवाली हात वर करायची, माझी पानं उलटायची, पुन्हा विचारायची. तासभर हे चाललं. शेवटी ती आईकडे वळली.

"आई, तिला जायचं नाहीये. दातांच्या कवळ्या बनवायचं काम करायची ती. बॅगेत तिची हत्यारं आहेत. इथे कोणी काम देईल का, हे विचारतेय ती आपल्याला."

"अगं, मग रोज जेवताना तोंडाला हात लावून काय सांगायची?"

"तुझी कवळी ढिली आहे म्हणून. तू न चावता घास गिळतेस, ते तिला बघवत नाही. मला नीट करू द्या, म्हणते. आल्यापासून रोज सांगतेय."

"देवा! आणि मी रोज तिला आणखी वाढत होते!"

सासूबाई खाली बसल्या. पदराआड तोंड नेऊन त्यांनी कवळी काढली, धुतली आणि सुनेच्या तळहातावर ठेवली. वहिनीने बॅगेतून भिंग काढलं. ती रडत होती, पण कवळी उजेडाकडे धरून नीट पाहत होती.

मित्रांनो, खिडकीत उभं केल्याचा राग मी एक वेळ गिळेन. पण एक बाई तीन वर्षं एकच वाक्य बोलत राहिली आणि ते कळण्याइतकं शिकवायला विद्यापीठाला पाच डोकी हवी होती, हा राग गिळवत नाही. मला जपा म्हणजे कपाटात झाकून ठेवा असं मी म्हणत नाही. मला वापरा, माझ्यावर लिहा, मला फाडा. पण कोणाची भाषा शिकायला घेतलीत, तर दोन गोड वाक्यांवर उठून जाऊ नका. समोर माणूस बोलतंय.