मागच्या पुठ्ठ्यातला शेवट

माझ्या आत्याचं एका पुस्तकाशी चाळीस वर्षांचं भांडण होतं. खरं तर त्याच्या शेवटच्या आठ पानांशी. बाकीचं पुस्तक तिला जीव की प्राण. लहानपणी मला झोपवताना ती तीच गोष्ट सांगायची आणि शेवट जवळ आला की "आता बास, डोळे मीट" म्हणून मोकळी व्हायची.

आत्या पुस्तकं बांधते, आणि मी तिच्याच हाताखाली शिकले. दोन खोल्या, एक लोखंडी दाबयंत्र, शिलाईची चौकट आणि कायम खळीचा वास, एवढाच आमचा संसार. आत्या हुकूम सोडते, मी कुरकुर करत ऐकते. दोघींचंही त्यात बरं चाललंय.

ते पुस्तक शंभरेक वर्षांपूर्वी एका बाईनं लिहिलेलं. त्यातली नायिका वाट चुकून भलत्याच शहरात पोचते. तिथे वीज बरण्यांत भरून ठेवतात. पावसाचा वास आला की दोरी वाळत घातलेले कपडे आपणहून आत ओढते. न्यायाधीश बायका असतात, शाळेत मुलगे बटणं लावायला शिकतात, आणि स्वयंपाक गल्लीच्या टोकाला एकाच मोठ्या चुलीवर पाळीपाळीनं होतो. ज्या पुरुषानं पाळी चुकवली, त्याला त्या दिवशी कोणी वाढत नाही. शेवटी मात्र नवरा खांदा हलवतो, नायिका जागी होते, सगळं स्वप्न ठरतं. स्वतःच्या वेडेपणाला हसत ती चूल पेटवायला जाते.

"जिनं कपड्यांच्या दोरीलासुद्धा अक्कल दिली," आत्या म्हणायची, "ती स्वतःची अक्कल अशी गहाण टाकेल? हे तिनं लिहिलेलंच नाही."

लोक हसायचे. खरं सांगायचं तर मीही हसायचे.

मग ग्रंथालयातली एकुलती एक प्रत आमच्याकडे पुन्हा बांधायला आली. पानं सुटी असतानाच त्यांची छायाचित्रं काढून एक प्रकाशक नवी आवृत्ती काढणार होता. आत्यानं त्याला शेवटची आठ पानं उजेडात धरून दाखवली. कागद वेगळा होता, जरा पिवळट.

"तेव्हा कागद संपला असेल," प्रकाशक म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण पक्का होता. "आत्याबाई, तुमच्या रागावर मी पानं कशी गाळू? पुरावा दाखवा, लगेच गाळतो. उद्या चारला येतो."

आत्या त्या दिवशी नीट जेवली नाही. आता हा खोटा शेवट हजारो प्रतींत जाणार, हे तिच्या मनाला लागलं होतं. तिला तसं बघून मलाही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी जुनी शिलाई कापली, पानं वेगळी केली आणि पुठ्ठे रद्दीच्या टोपलीकडे नेले. जुना पुठ्ठा जपायचा नाही, हा आत्याचा नियम. पूर्वी बांधणीवाल्या वाया गेलेले छापील कागद एकावर एक चिकटवून पुठ्ठे बनवत, त्यात काय ठेवलंय? पण माझी बोटं अडखळली.

"आत्या, मागचा पुठ्ठा पुढच्यापेक्षा जाड आहे गं."

"घाईत दोन कागद जास्त लागले असतील. टाक."

"नखाएवढा जाड आहे."

"तुला आज कामचुकारपणाला निमित्त हवंय. टाक म्हटलं ना!"

मी टाकला नाही. तिचाच हट्टीपणा माझ्यात उतरलाय, त्याला मी काय करणार? कडेला ओलं फडकं दाबून ठेवलं, खळ सैल झाल्यावर पातळ सुरी सरकवली. आत एक घडी घातलेला छापील कागद निघाला. खळ फक्त कडांना लावलेली, मजकुराला थेंबही नाही. रद्दी एवढ्या मायेनं कोणी चिकटवत नाही.

घड्या उलगडल्या तर आठ पानं. कागद बाकीच्या पुस्तकाचाच, पानांचे आकडे बरोब्बर जुळणारे. आत्यानं चष्मा लावला आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचू लागली. वेशीवरची बाई नायिकेला विचारते, परतीची गाडी बोलावू का? आणि मग शेवटची ओळ: "मी परतले नाही. हे सारे मी इथूनच लिहीत आहे."

आत्या स्टुलावर बसली. "बघ, मी म्हणत नव्हते?" एवढं म्हणाली आणि रडली. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

चारला प्रकाशक आला. त्यानं पानं दोनदा वाचली, कागद चाचपला, आकडे जुळवले. "छापखान्यात कोणीतरी घाबरलं आणि शेवट बदलला," तो हळूच म्हणाला. "पण मग हा इथे ठेवला कोणी?"

उत्तर त्याच्याच हातात होतं. शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तोवर कुणाच्याच लक्षात न आलेल्या दोन ओळी होत्या. तेव्हाही घड्या घालणं, शिवणं हे काम बायकांचंच असे. "हे फाडायला सांगितले होते. आम्ही चौघींनी वाचले आणि ठेवले. पुस्तक उसवणारी, पाचवी तू."

आत्यानं माझा खळीनं माखलेला हात धरून वर केला. "पाचवी ही. मी तर पुठ्ठा टाकायला निघाले होते. मी सहावी."

"म्हणजे मी सातवा?" प्रकाशकानं विचारलं.

"तुम्ही आधी छापा," आत्या म्हणाली. "मग बघू."