फर्मीनने चूक काढली नाही तो रविवार

मी एक रवी बोलतेय. ताकाची नव्हे, चॉकलेटची. हसू नका. आमच्या कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर ताक कुणी घुसळत नाही. घुसळतात ते चॉकलेट, आणि तेसुद्धा रोज नाही. मुलाचा बाप्तिस्मा, मुलीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्याचा दिवस, आणि नाताळ. बाकीचे दिवस मी गॅसशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते, पाठ खोलीकडे. वर्षातले साडेतीनशे दिवस ज्याने असे काढलेत, त्याला माझं बोलणं लवकर समजेल.

मला कुणी घडवलं नाही, नुसतं कापलं. पेले डोंगराच्या ओल्या उतारावर एक झाड वाढतं. त्याच्या फांदीला एकाच जागी पाच फाटे फुटतात, उघड्या पंजासारखे. क्लोतेरने लग्नाच्या आधी ती फांदी कोयत्याने तोडली, पाचही फाटे बोटाच्या पेराएवढे ठेवले, साल सोलली आणि सावलीत वाळवली. झाली रवी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला नव्या नवरीच्या, म्हणजे एर्मांसच्या, हातात दिलं.

"दागिना परवडला नाही. ही काठी घे."

"चालेल," एर्मांस म्हणाली. "पहिला फटका तुलाच."

त्या दिवसापासून मी मोर्न-रूज गावातल्या या घरात आहे. क्लोतेर गेला त्यालाही आता बारा वर्षं झाली. मूलबाळ त्यांना नव्हतं. पण गावातल्या पोरांचं चॉकलेट एर्मांसच्याच पातेल्यात व्हायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं काढली होती. अर्ध्या गावाला तिने जेवू घातलं होतं.

चॉकलेट करणं अवघड नाही. लोक उगाच घाबरतात आणि डब्यातली पावडर आणतात, याचा मला संताप येतो. बाजारातून कोकोची कांडी आणायची, करंगळीएवढी, काळी, तुपकट. ती किसायची. दुधात दालचिनीचा तुकडा आणि उभी चिरलेली व्हॅनिलाची शेंग टाकून उकळायचं. भाजलेल्या शेंगदाण्याचं वाटण, थंड दुधात कालवलेलं चमचाभर मक्याचं पीठ, लिंबाची किसलेली हिरवी साल. मग मला पातेल्यात उभं करायचं आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून फिरवायचं. हात जोडल्यासारखे दिसतात आणि मध्ये मी गरगरत असते. फेस वर आला, चॉकलेट चमच्यावरून सावकाश ओघळायला लागलं, की झालं. सोबत वेणीसारखा वळलेला, लोणी घातलेला पाव. एवढंच. याला डबा कशाला लागतो?

या चॉकलेटची एक परीक्षक होती. फर्मीन. तीन घरं पलीकडे राहायची. चाळीस वर्षांत कुठलाही सण असो, पहिला कप तिचा आणि पहिली खोडही तिचीच.

"लिंबू कमी."

"तुझी जीभ जास्त," एर्मांस म्हणायची.

"दाणे नीट भाजले नाहीस. घाई कसली होती, नवरा पळून चालला होता?"

"तुझा गेला तसा?"

"माझा पळाला नाही, मी हाकलला. कप भर अजून."

चुका काढत काढत ती दोन कप संपवायची. तिने नाक मुरडलं की एर्मांसच्या तळव्यांना वेगळाच जोर यायचा. मी दोघींच्या मध्ये असायचे, म्हणून मला ते कळायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एर्मांसला ताप आला. आठवड्याने उतरला. तिची एक जुनी सवय होती. मला धुऊन झाल्यावर ती मला नाकाशी धरायची, कारण माझ्या लाकडाला गोडसर वास आहे आणि तो कितीही वर्षांनी जात नाही. ताप उतरल्यावर तिने मला असंच नाकाशी धरलं. थांबली. पुन्हा धरलं, डोळे मिटून. मग कॉफीचा डबा उघडून त्यात नाक घातलं. मग साबण. मग परत मी. शेवटी तिने मला खिळ्याला अडकवलं आणि खुर्चीवर बसून राहिली.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. मला माहीत झालं, पण मी कुणाला सांगणार?

का नाही सांगितलं, त्याचं कारण सरळ होतं. या गावातली तरुण मुलं शिकली की विमानात बसतात आणि फ्रान्सला जातात. इथे काम नाही, असं सगळे म्हणतात, आणि ते बदलायला कुणी थांबत नाही. मागे उरतात म्हातारे आणि कुलपं. एर्मांसच्या दारात अजून माणसं यायची ती या चॉकलेटसाठी, असं तिला वाटायचं. बाईचं नाकच गेलं हे कळलं तर कोण येईल?

मग तिने युक्त्या केल्या. दालचिनी मोजून घालू लागली. जाडपणा माझ्या फिरण्यावरून, तळव्यांनी ओळखू लागली. आणि स्वयंपाकघरात जो कुणी असेल त्याला म्हणायची, "ओळख बघू, आज काय काय घातलंय?" समोरचा वास घेऊन सांगायचा, त्यावरून ती समजून घ्यायची. अशी दोन वर्षं निभावली.

मग नोएलीचं कम्युनियन आलं. नोएली नऊ वर्षांची, एर्मांसच्या भाचीची, मारीव्होनची, मुलगी. एर्मांस तिची धर्मआई, बाप्तिस्म्याला तिला मांडीवर घेऊन तिची जबाबदारी उचललेली. आमच्याकडे कम्युनियनचं चॉकलेट धर्मआईनेच करायचं असतं; तो तिचा मान. एर्मांसने नवा झगा शिवला. मला आदल्या दिवशीच उतरवून पुसून ठेवलं.

रविवारी पहाटे चॉकलेट तयार झालं. मग सगळे चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेले. परत आल्यावर फक्त गरम करून घुसळायचं होतं. पातेलं गॅसवर चढलं तेवढ्यात नोएली पांढऱ्या झग्यात धावत आली.

"नेनेन, माझी फीत सुटली. आई म्हणते तूच बांध."

नेनेन म्हणजे धर्मआई. नेनेन फीत बांधायला बाहेरच्या खोलीत गेली. फितीची गाठ, मग केस, मग कुणीतरी म्हणालं, फोटो. स्वयंपाकघरात मी आणि पातेलं. तळाशी दूध धरायला लागलं. एखादी साधी बाई असती तर बैठकीतूनच ओरडली असती, "अगं, काहीतरी लागतंय." पण बैठकीत सगळ्यांनी अत्तर लावलेलं होतं आणि खिडक्या उघड्या होत्या. आणि जिचं पातेलं, तिला काही कळणार नव्हतं.

ती आली, फेस वर आलेला पाहिला, खुश झाली. मला पातेल्यात उभं केलं. माझी पाच बोटं तळाला टेकली आणि मला तो थर लागला, खरखरीत, साल सुटल्यासारखा. करपलेलं दूध वरच्यावर ओतून घेता येतं. तळ खरवडायचा नसतो, एवढा एकच नियम आहे. मी अडखळले. जेवढं अडखळता येतं तेवढं. एर्मांसला वाटलं, पीठ खाली बसलं. तिने तळवे घट्ट केले आणि मला तळापर्यंत जोरात फिरवलं. सगळी काळी साल वर आली आणि चॉकलेटमध्ये दिसेनाशी झाली.

"ओळख बघू," म्हणायला तेव्हा शेजारी कुणीच नव्हतं.

कप बाहेर गेले. मी मोरीत पडले होते. थोड्या वेळाने मारीव्होन घाईघाईने आत आली, तिच्यामागे फर्मीन.

"काकू, तुमच्या पाया पडते. काही बोलू नका."

"करपलंय ते. राख प्यायल्यासारखं लागतंय. मी बोलणार."

"मावशीने महिनाभर वाट बघितलीय या दिवसाची. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, गुपचूप प्या. आजचा दिवस तोंड आवरा."

"चाळीस वर्षांत आवरलं नाही ते?"

"पोरीसाठी, काकू."

नळ सोडून फर्मीनने चूळ भरली आणि ती बाहेर गेली.

बैठकीतून एर्मांसचा आवाज आला, नेहमीसारखा, तलवार उपसलेला. "बोल फर्मीन, आज काय कमी?"

"काही नाही," फर्मीन म्हणाली. "छान झालंय."

सगळे घाईने म्हणाले, हो, हो, छान झालंय.

तुम्ही माणसं याला सभ्यपणा म्हणता. मला ते त्या दिवशी कळलं नाही आणि अजून कळत नाही. एका बाईने चाळीस वर्षं दर सणाला एक खोड काढली आणि दुसरी त्यावर जगली. मग एक दिवस सगळ्यांनी मिळून तिच्यावर दया केली. तिच्याकडे नाक नव्हतं, पण कान होते. "छान झालंय" एवढं ऐकलं आणि तिला कळलं.

पाहुणे गेल्यावर तिने पातेलं तिरकं करून बघितलं. तळ नखाने खरवडला. काळा चुरा बोटावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. अर्धे भरलेले कप एकामागून एक मोरीत रिकामे केले. मला धुतलं, पण नाकाशी धरलं नाही. खिळ्यालाही अडकवलं नाही. खालच्या खणात टाकलं, बाटल्यांच्या बुचांमध्ये.

पुढच्या आठवड्यात मारीव्होन आली तेव्हा एर्मांस म्हणाली, "हात दुखतात आता. यापुढे चॉकलेट तुम्हीच बघा."

"बरं मावशी. तू आराम कर." इतक्या पटकन म्हणाली, जणू उत्तर तयारच होतं. कुठला हात, कधीपासून, असं एकदाही विचारलं नाही.

खणात दिवस समजत नाहीत, आवाजावरून अंदाज करायचा. फर्मीन यायची. पण आता ती गोड बोलायची. तब्येत कशी आहे, सूप आणलंय, औषध घेतलंस का. एर्मांसही गोड उत्तरं द्यायची. घेतलं गं, बरं आहे गं, कशाला त्रास घेतलास. दोघी एकमेकींशी इतक्या नीट वागायला लागल्या की त्यांच्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही. रोजची फेरी आठवड्यावर गेली. नाताळात शेजारीपाजारी गाणी म्हणत घरोघर फिरले, ढोलांचा आवाज आमच्या दारापर्यंत आला आणि पुढे गेला. दिवा बंद होता ना.

जानेवारीत फर्मीनच्या गुडघ्यांनी हात टेकले. तिची मुलगी फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहते, ती येऊन तिला घेऊन गेली. निघताना फाटकाशी फर्मीनचा आवाज आला.

"काळजी घे."

"तूही घे. थंडी असेल तिकडे."

"असेल."

बस. चाळीस वर्षांचा निरोप एवढाच. मी खणात होते. तिथून ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

आणि मग मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी, फोन वाजला. एर्मांस आवाज मोठा करून ऐकते, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मी बोलतेय. इथे बर्फासारखा पाऊस पडतोय. मुलीने आत्ता डब्यातली पावडर गरम पाण्यात टाकून दिली. प्यायले आणि तुझी आठवण आली."

"का गं?"

"इतकं वाईट चॉकलेट मी आयुष्यात दुसऱ्यांदा प्यायले. पहिलं तुझं. त्या कम्युनियनचं."

मला वाटलं, आता फोन ठेवला जाईल.

"खाली लागलं होतं, एर्मांस. करपलं होतं. आम्ही सगळ्यांनी गिळलं."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग दहा महिने तोंडात काय धरून बसली होतीस?"

"तू काय धरून बसली होतीस?"

एर्मांसने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मला वास येत नाही, फर्मीन. त्या तापानंतर गेला. आला नाही."

"त्या तापानंतर? त्याला किती वर्षं झाली? आणि मला सांगितलं नाहीस, गाढवे?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस. तू चॉकलेट प्यायला यायचीस."

"मी? मला साखरेचा आजार आहे, बाई. डॉक्टर दर महिन्याला ओरडायचा. मी तुझ्या चुका काढायला यायचे."

एर्मांस हसली. मग हसण्याचा आवाज मोडला आणि तिने नाक शिंकरलं. फर्मीन म्हणाली, "बंद पडलेलं नाक वाहतंय मात्र चांगलं." तेव्हा ती पुन्हा हसली.

खण उघडला. माझ्यावर उजेड पडला तेव्हा माझं एक बोट तडकलेलं होतं. बुचांच्या गर्दीत कधी तडकलं, कळलं नाही. तिने फोन गॅसशेजारी भिंतीला टेकवून ठेवला आणि एका कपापुरतं दूध घेतलं.

"गॅस बारीक आहे का?"

"आहे."

"पातेल्यापासून हलू नकोस. दारात पाद्रीबाबा आला तरी थांबू दे त्याला. घुसळ. मला आवाज ऐकू दे."

एर्मांसने मला तळव्यांमध्ये धरलं. मी चार बोटांनी फिरले.

"पातळ आहे अजून," समुद्रापलीकडून फर्मीन म्हणाली.

"तुला काय कळतंय तिथे बसून?"

"पाणी घुसळल्यासारखं वाजतंय. दाणे घातलेस का?"

"घातले."

"मग कमी घातलेस."

आता दर रविवारी असंच चालतं. चॉकलेट एका कपाचं. एर्मांस ते खिडकीशी बसून पिते. ते गोड आहे आणि गरम आहे, एवढं तिला कळतं. ज्या बाईला त्याचा वास कळला असता, तिच्यापर्यंत वास जात नाही. कप इकडे आहे, नाक तिकडे, आणि मध्ये सात हजार किलोमीटर पाणी. अर्ध्या तासाने फोन बंद होतो. घरात पुन्हा घड्याळाचा आवाज येतो. ती मला धुते, खिळ्याला अडकवते आणि पुढच्या रविवारपर्यंत आम्ही दोघी गप्प असतो.

माझं तडकलेलं बोट एक दिवस गळून पडेल, मग उरलेलीही. त्याचं मला दुःख नाही. मला दुःख आहे ते तीन घरांच्या अंतराचं. तीन घरं पलीकडे राहत होत्या तेव्हा जे वाक्य दोन मिनिटांत चालत गेलं असतं, त्याला दहा महिने लागले आणि तोवर एकीचं घर बंद झालं.

म्हणून तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला तोंड आहे आणि मला नाही. तुमच्या माणसाचं दूध करपलं असेल तर छान झालंय म्हणू नका. कप खाली ठेवा आणि सांगा, करपलंय. मग त्याच्या शेजारी उभे राहा आणि नवं दूध चढवा. तो माणूस चालत येण्याइतका जवळ आहे तोवर.