परसातली सवत

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेला मी एक जुना कोयता आहे. माझ्या गंजावर जाऊ नका. लोहाराने मला तापवून ठोकले, पेरूच्या लाकडाची मूठ बसवली आणि एलेउतेरिओच्या हाती दिले. उतारावरचा सगळा ऊस आम्ही दोघांनी मिळून तोडला. "हा कोयता म्हणजे माझा उजवा हात!" असे तो चारचौघांत सांगे, तेव्हा मला आभाळ ठेंगणे होई.

पुढे त्याचे गुडघे धरले. ऊसतोड सुटली आणि त्याने परसात गुआनाबाना लावला. सीताफळाच्याच कुळातले झाड, पण फळ मोठे, काटेरी. जागा एवढीशी, म्हणून झाड बुटके राहावे यासाठी तो त्याचे शेंडे छाटत राही. त्यासाठी त्याने नवी कात्री आणली. मी घरात असताना! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

माझ्यासारखीच जळे ती त्याची बायको, तोमासा.

"अहो, सवतीला पाणी घालून झालं असेल तर कॉफी प्यायला या!"

"हळू बोल, ऐकेल ती," तो हसून म्हणे.

झाड फुले, पण फळ काही धरेना. मग सान हुआन या संताचा सण आला. आमच्याकडे त्या सकाळी फळ न देणाऱ्या झाडाला कोयत्याच्या चपट्या बाजूने तीन फटके मारतात आणि तोडायची धमकी देतात. तेव्हा दुसऱ्या कोणीतरी मध्ये पडून त्याच्यासाठी गयावया करायची असते. कोणीच मध्ये पडले नाही, तर झाड खरोखर तोडायचे.

एलेउतेरिओने तीन फटके मारले. "देणार नसशील तर तोडतो!" असे ओरडून तो बायकोकडे पाहू लागला. तोमासा हाताची घडी घालून गप्प उभी. बाई, तोंड उघडू नकोस, मी मनात म्हणत होतो. माझी धार झाडाकडे वळली होती.

"अगं, बोल की काहीतरी!" तो तिला म्हणाला.

"मी का बोलू? माझ्याशी कधी एवढं बोललात?"

"तुझ्यासाठीच लावलंय ते! पोटुशी होतीस, तेव्हा गुआनाबानाचे डोहाळे लागले होते तुला. मुकादमाच्या कुंपणापाशी गेलो, तर कुत्रं सोडलं त्यानं अंगावर. रिकाम्या हातानं परत आलो होतो."

तोमासाचे डोळे भरून आले. "मग इतकी वर्षं दातखीळ बसली होती का तुमची?" ती खेकसली आणि झाडाला पाठ लावून उभी राहिली. "सोडा तिला. पुढच्या वर्षी देईल. माझ्या शब्दावर सोडा."

हातातोंडाशी आलेला घास गेला माझा.

त्यानंतर तोमासाच ब्रश घेऊन एका फुलातली पिवळी पूड दुसऱ्या फुलाला लावू लागली आणि फळ धरले. ब्रशमुळे, असे शेजारी म्हणतात. फटके माझे होते, हे कोणी बोलत नाही. पहिले फळ इतके मऊ पिकले की दोघांनी ते हातानेच फोडून खाल्ले. कापायलाही मी लागलो नाही.

मी आजही जळतो. पण सान हुआनच्या आदल्या दिवशी एलेउतेरिओ मला खाली उतरवतो, घासतो, तेल लावतो. "चल म्हाताऱ्या, तिला दटावून येऊ," म्हणतो. वर्षातून तेवढाच त्याचा हात माझ्या मुठीवर येतो, तोही त्या झाडापायी.

म्हणून विनवतो, मित्रांनो. तुमच्या घरी एखादे जुने हत्यार असेल, तर त्याला थेंबभर तेल लावा. आणि परसातल्या त्या सवतीला पाणी घालायला विसरू नका.