एकूण नऊ, हजर दहा

सुभेदार सदाशिव निंबाळकरांनी आयुष्यात एकही रकाना कोरा सोडला नव्हता. रिटायर होऊन उत्तरेत, विकास नगरात लेकीकडे राहायला आल्यावर त्यांनी दूधवाल्या भैयाचाही हजेरीतक्ता केला होता.

मग साताऱ्याहून मुक्ताचं पत्र आलं. कारगिलच्या लढाईत गेलेल्या त्यांच्या मित्राची, दिनकरची ही मुलगी. तेव्हा दोन वर्षांची होती. बाबा शेवटी काय बोलले, एवढंच तिनं विचारलं होतं. आई फार आजारी आहे, तिला जाण्याआधी ऐकायचंय.

सदाशिवांनी उत्तर लिहिलं: वेळ, उंची, हवामान.

"बाबा, ये चिठ्ठी नहीं है यार, रिपोर्ट है," लेक क्षितिजा म्हणाली आणि पुढच्या रविवारी त्यांना अलीगंजला सुचित्राबाईंच्या लेखनवर्गात बसवून आली.

बाईंच्या दिवाणखान्यात दहा खुर्च्या आणि नऊ माणसं. सदाशिव सवयीनं मोजून सांगत, "एकूण नऊ, हजर नऊ." बाई विचारत, काय वाटतंय? ते म्हणत, हवामान स्वच्छ.

एका रविवारी बाईंनी मित्राबद्दल लिहायला सांगितलं. सदाशिवांनी आधी पट्टीनं रकाने आखले. नाव: दिनकर. स्थिती: इथं पेन बराच वेळ अडलं. मग त्यांनी लिहिलं, रजेवर. आता रजा म्हटली की परतीची तारीख आलीच. त्यांनी पुढचा रविवार टाकला.

पुढच्या रविवारी मोजणी दहा आली. तीनदा मोजलं, तीनदा दहा. चेहरे मात्र नऊच. बाईंनी दहा कप चहा आणला. का, ते त्यांनाही सांगता येईना. दहावा कपही रिकामा झाला. दहावी खुर्ची ओली होती. मे महिना, बाहेर बेचाळीस डिग्री. सगळ्यांनी कूलरला नावं ठेवली. कूलर बंद होता.

खुर्चीखाली गार पाण्याचा ठसा होता, एकाच बुटाचा. दिनकरचा दुसरा बूट वर बर्फात राहिला होता, हे सदाशिवांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

तीन रविवार हे असंच चाललं. दिनकर पहिल्यापासून वक्तशीर.

चौथ्या रविवारी सदाशिवांनी पट्टी घरी ठेवली. मुक्ताच्या नावानं लिहायला घेतलं आणि लिहिलेलं उभं राहून वाचलं.

"तुझे बाबा जखमी होते. म्हणाले, सदा, थोडा वेळ बस. मी बसलो नाही. मला भीती वाटली. बाकीचे जवान मोजून खाली आणले आणि साहेबांना रिपोर्ट दिला. तुझे बाबा तिथंच गेले, एकटे. मी बसायला हवं होतं, पोरी."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सगळे बसलेलेच होते.

सदाशिवांनी मोजलं. नऊ. दहाव्या खुर्चीवर हात ठेवून पाहिला. कोरडी ठणठणीत. पत्र घडी करून त्यांनी खिशात घातलं, पोस्टात टाकायला.

बाईंनी हळूच विचारलं, "सुभेदारसाहेब, काय वाटतंय?"

सदाशिवांनी दहाव्या खुर्चीकडे पाहिलं.

"एक कमी वाटतोय," ते म्हणाले आणि त्या खुर्चीशेजारी बसून राहिले.