आबांचा आवाज माझ्यातून गेला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. मोबाइल कॉम्प्युटरला जोडायची, हातभर लांबीची, मूळची पांढरी. माझ्या मानेपाशी आता काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. त्या पट्टीखाली काय झालं, ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यातला ते विचारू नका, इतक्या लहानपणचं कुणाला आठवतं? पण माझ्या पोटात चार तारा आहेत. दोन विजेसाठी, दोन फायली नेण्यासाठी. हल्लीच्या स्वस्त केबली दोनच तारांच्या असतात, नुसतं चार्जिंग करतात आणि मिरवतात! एक पाहुणा मला मळवलीच्या बंगल्यावर विसरला आणि मी विसरलेल्या वस्तूंच्या डब्यात पडले. तिथे कंगवे, चष्मे, एकेकटे मोजे. पाहुण्याचा फोन येईल म्हणून इथे काहीच टाकत नाहीत. माझ्यासाठी कुणाचा फोन आला नाही.

बंगला सांभाळायचे हनुमंतआबा. त्यांची भातशेती जवळच्या भाजे गावात, राहणं बंगल्यामागच्या दोन खोल्यांत. बायको वारलेली, एकच मुलगी, इंद्रायणी. मालकाचा नियम असा, की पाहुणे येण्याआधी आणि गेल्यावर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढायचा, म्हणजे काही फुटलं तर वाद नको. ते व्हिडिओ कॉम्प्युटरवर न्यायला इंदूने मला डब्यातून काढलं. "लय गुणाची केबल हाय," असं ती म्हणायची आणि मी फुगायचे. आबा मात्र मला काढताना डोक्याला धरायचे नाहीत. मानेला धरून ओढायचे, खाचरातलं गवत उपटावं तसे. दर वेळी आत एखादा बारीक धागा तुटायचा. मला कळायचं, पण सांगणार कशी?

मग आबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन केलं तर माणूस राहील, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा आबांनी आठवडाभर बसून मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवला. कुठल्या खाचराचं पाणी कुठून सोडायचं, इंदूची आई कशी होती, बैलांना हाक कशी घालायची, अशी अठरा रेकॉर्डिंगं. शेवटचं अकरा मिनिटांचं होतं. ते कुणीही ऐकायचं नाही, अशी त्यांनी ताकीद दिली.

"माझं तोंड बंद झालं तरी तुझ्या हळदीला मीच बोलणार," ते इंदूला म्हणाले. "त्याच दिशी लाव."

आबा वाचले. आता पाटीवर लिहून बोलतात, लांबच्याला टाळी वाजवून बोलावतात. वर्षभरात इंदूचं लग्न ठरलं. तोवर मोबाइलची बॅटरी फुगून मागचं झाकण उचलू लागली होती, म्हणून आबांचा आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचं इंदूने ठरवलं.

तो शनिवार होता. पाहुणे अकराला यायचे होते आणि मोबाइलमध्ये खोल्यांच्या व्हिडिओपुरतीही जागा नव्हती. म्हणून इंदूने रेकॉर्डिंगं कॉपी न करता 'कट' केली. आवाजही तिकडे जाईल आणि जागाही होईल! मला धडकीच भरली. कट केलं म्हणजे तिकडे पोचेल तसं इकडचं पुसलं जाणार, आणि मधली सगळी वाट माझ्या त्या मानेतून. तरी मी जीव घट्ट धरून सतरा नेली. अठरावं सुरू झालं तोच फाटकाशी हॉर्न वाजला. इंदू धावली.

आबा आत आले. पाहुणे दारात आणि व्हिडिओ राहिलाय, एवढंच त्यांना दिसलं. मोबाइल घेऊ का, असं विचारायला त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी टाळी वाजवली. हॉर्नच्या गलक्यात ती कोण ऐकणार? त्यांनी मला मानेला धरलं आणि ओढलं.

त्यांचाच आवाज होता हो माझ्यात! अर्ध्या वाटेवर होता.

दुपारी इंदूने कॉम्प्युटर उघडला. सतरा वाजली. अठरावं उघडेना, आणि वाटेतच तुटल्यामुळे मोबाइलवरूनही ते गेलेलं. तिने माझी मान चिकटपट्टीने बांधली, पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. लोणावळ्याच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आली, त्यानेही हात टेकले. ती परतली तेव्हा आबांनी पाटी पुढे धरली. 'समदं आलं का?'

इंदूने पाटी वाचली.

"व्हय आबा," ती म्हणाली. "समदं आलं."

आबा हसले आणि त्यांनी पाटी पुसली.

मित्रांनो, आम्हाला काढताना डोक्याला धरा, मानेला नको. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी कॉपी करा, उघडून पाहा, मगच पुसा. आणि चूक झालीच, तर ज्याचं नुकसान झालं त्याला त्याच दिवशी सांगा. आबांना ती अकरा मिनिटं आठवत असतील, पाटीवर लिहूनही देतील. इंदे, बाई, सांग गं त्यांना. पण मी ओरडून ओरडून किती ओरडणार? तिने मला परत डब्यात टाकलंय.

आज हळद आहे. अंगणात मांडव घातलाय, माणसं जमलीत. आबांनी मोठा स्पीकर आणवून मधोमध ठेवलाय. मला इथवर त्यांची टाळी ऐकू येते आहे. ते इंदूला बोलावताहेत.